सर्वसहमतीचें गांव

कोणत्याहि सार्वजनिक संस्थेच्या वार्षिक सभेची सूचना उघडून पाहिली, तर तिच्या तळाशीं एक वाक्य हटकून आढळतें: गणसंख्येच्या अभावीं सभा तहकूब झाल्यास ती त्याच दिवशीं, त्याच ठिकाणीं, अर्ध्या तासानें पुन्हां भरेल व त्या सभेस गणसंख्येचें बंधन राहणार नाहीं. वाचनालय असो, गृहनिर्माण संस्था असो, गणेशोत्सव मंडळ असो कीं ज्ञातीचें विद्यार्थिगृह असो, हें वाक्य बहुधा चुकत नाहीं. त्याचा सरळ अर्थ असा कीं, सभासद येणार नाहींत हें चालकांनीं आधींच गृहीत धरलेलें असतें, आणि आपण न गेल्यानें कांहीं अडत नाहीं हें सभासदांनींहि मनोमन मान्य केलेलें असतें. अर्धा तास लोटतो, मागील सभेचें इतिवृत्त वाचून कायम होतें, हिशेबांस मंजुरी मिळते, आणि आयत्या वेळच्या विषयांवर कोणी तोंड उघडण्यापूर्वींच आभारप्रदर्शन उरकतें. मग पुढील वर्षभर न आलेले सभासद आपापल्या घरीं विचारीत बसतात, "हें ठरविलें तरी कोणीं?"

आपल्या सुशिक्षित समाजांत संस्था काढण्याच्या उत्साहाची वाण नाहीं. वाण आहे ती एकत्र बसून ठरविण्याच्या कलेची. ज्या संस्था मरतात, त्या बहुतेक दोनपैकीं एका रोगानें मरतात. एक तर चारपांच कर्तीं माणसें सारें ठरवितात आणि बाकीचे हळूहळू पाहुण्यांसारखे वागूं लागतात. किंवा एखाद्या वादाच्या प्रश्नावर मतें पडतात, एक बाजू जिंकते, आणि हरलेली बाजू पुढील वर्षीं त्याच गल्लींत दुसरें मंडळ स्थापन करते. पहिल्या रोगाला आपण अनास्था म्हणतों व दुसऱ्याला राजकारण. आम्हांस वाटतें, दोहोंचें मूळ एकच आहे, आणि तें म्हणजे निर्णय घेण्याची आपली रीति. या रीतीचा विचार जितक्या खोलपणें विदर्भांतील एका लहानशा खेड्यानें केला आहे, तितका आपल्या शहरांतील थोड्याच संस्थांनीं केला असेल. म्हणून त्या खेड्याची हकीकत आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

घोषणा आणि तिच्या पोटांतील प्रश्न

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यांत मेंढा नांवाचें गांव आहे. शेजारच्या लेखा गांवाशीं नांव जोडून त्यास मेंढा (लेखा) असें म्हणतात. सुमारें शंभर घरें, पांचशेच्या आसपास माणसें, वस्ती गोंडांची, आणि सभोंवार साग-बांबूचें जंगल. १९८० नंतरच्या दशकांत इंद्रावती व गोदावरी या नद्यांवर भोपालपट्टणम् व इंचमपल्ली येथें मोठीं धरणें बांधण्याचा बेत पुढें आला. त्यांच्या पाण्याखालीं जंगलाबरोबर अनेक आदिवासी गांवें जाणार होतीं. त्याविरुद्ध "जंगल बचाओ, मानव बचाओ" हें आंदोलन उभें राहिलें; बाबा आमटे यांच्यासारखी ज्येष्ठ मंडळीहि त्यांत उतरली. अखेर ते बेत बारगळले. परंतु त्या मंथनांतून एक घोषणा निघाली व ती मेंढा गांवानें आपली मानली: "दिल्ली-मुंबईत आमचें सरकार, आमच्या गांवांत आम्हीच सरकार."

घोषणा देणें सोपें असतें. मिरवणूक संपते, घसे बसतात, माणसें घरीं जातात. मेंढ्याचें वैशिष्ट्य हें कीं, त्या गांवानें घोषणेच्या पोटांतील प्रश्न सोडला नाहीं. आम्हीच सरकार, तर मग "आम्ही" म्हणजे कोण? पाटील? चार शहाणे? निम्म्याहून एक अधिक? आणि उरलेले जे एक उणे निम्मे, ते कोणाचे?

याच सुमारास मोहन हिराबाई हिरालाल हे सर्वोदयी विचारांचे कार्यकर्ते आपल्या "वृक्षमित्र" या संस्थेच्या कामानिमित्त तेथें येऊं लागले. विनोबा भावे यांनीं ग्रामदानाच्या चळवळींत सर्वांच्या संमतीचें तत्त्व आग्रहानें मांडलें होतें, आणि मोहनभाऊंवर त्या विचाराचा मोठा पगडा होता. गांवांत देवाजी तोफा यांच्यासारखे विचारी व धीराचे पुढारी होते. गोंडांच्या जुन्या गांवपंचायतींत एकत्र बसून, बोलून ठरविण्याची परंपरा होतीच; पण बायकांना तींत फारसें स्थान नव्हतें. जुनी परंपरा व नवा विचार यांच्या संयोगांतून गांवाची ग्रामसभा नव्यानें उभी राहिली. तीस कोणा कायद्याचा हुकूम लागला नाहीं. लहानशा पाड्यालाहि स्वतःची ग्रामसभा असूं शकते, हें तत्त्व आदिवासी क्षेत्रांपुरतें संसदेनें मान्य केलें तें १९९६ सालीं; मेंढ्याची ग्रामसभा त्याच्या आधींच कामाला लागली होती.

अभ्यास निराळा, निर्णय निराळा

या गांवाची व्यवस्था दोन पायांवर उभी आहे. एक ग्रामसभा व दुसरा अभ्यासगट. दोहोंचें काम निराळें आहे, आणि सारें मर्म या निराळेपणांत आहे.

ग्रामसभेंत गांवांतील सर्व प्रौढ स्त्रीपुरुषांस स्थान आहे. घरांतून एकटा कर्ता पुरुष आला म्हणजे घर आलें, असें तेथें मानीत नाहींत. बाईनेंहि यावयाचें असतें. प्रश्न मांडला जातो, बोलणें होतें, आणि सर्वांस पटलें तरच निर्णय होतो. कोणाचा विरोध राहिला, तर विषय पुढील सभेवर जातो. हात वर करून मतें मोजणें नाहीं. म्हणून जिंकणें नाहीं आणि हरणेंहि नाहीं.

पण न समजतां दिलेली संमति ही संमतीच नव्हे. वनखात्याचा नियम, बांबूचा करार, शासनाची एखादी योजना, अशा विषयांवर सर्वांनीं एकमतानें होकार दिला आणि कोणालाच कांहीं कळलें नसलें, तर तें एकमत मेंढरांच्या कळपाचें होय. यासाठीं अभ्यासगट. एखादा विषय पुढें आला कीं, ज्यांना त्यांत गोडी आहे ते एकत्र बसतात, कायद्याचें पुस्तक आणून वाचतात, माहितगारांस बोलावितात, उलटसुलट प्रश्न विचारतात. येथें बाहेरच्या मनुष्यास मज्जाव नाहीं. वकील, वनस्पतिशास्त्रज्ञ, अधिकारी, विद्यार्थी, कोणीहि यावें व आपलें ज्ञान सांगावें. मात्र अभ्यासगट निर्णय घेत नाहीं. तो प्रश्नाच्या साऱ्या बाजू उजेडांत आणतो आणि थांबतो. निर्णयाची जागा ग्रामसभा. आणि तेथें बाहेरच्या पाहुण्याचा, मग तो कितीहि विद्वान् असो, आवाज चालत नाहीं.

आपल्या संस्थांशीं याची तुलना करून पहावी. आपणहि विषयवार उपसमित्या नेमतों. पण आपली उपसमिति अभ्यासहि करते आणि निर्णयहि घेऊन मोकळी होते. सर्वसाधारण सभेकडे येतो तो केवळ शिक्का मारण्यासाठीं. परिणामीं चौघांना सारें ठाऊक व चारशेंना कांहींच ठाऊक नाहीं, अशी स्थिति होते. मेंढ्यानें ज्ञानाचें दार सर्वांस उघडें ठेवलें आणि अधिकार कोणा एका गटाच्या हातीं जाऊं दिला नाहीं. जाणत्यांचा मान राहिला, पण जाणत्यांचें राज्य झालें नाहीं.

मधाचें उदाहरण या दृष्टीनें पाहण्याजोगें आहे. रानांतील मध काढण्याची जुनी रीति म्हणजे पोळ्याखालीं जाळ करावयाचा, माशा जाळून किंवा पळवून लावावयाच्या आणि पोळें उतरवावयाचें. मध मिळे, पण माशा मरत. गांवांत या विषयाचा अभ्यास झाला. मधमाशी काय करते, पोळ्याच्या कोणत्या भागांत मध असतो व कोणत्या भागांत पिलें, हें पाहिलें गेलें. त्यांतून अंगावर संरक्षक कपडे घालून, माशा न मारतां, मधापुरताच पोळ्याचा भाग कापून घेण्याची पद्धति गांवांत आली. हुकूम काढून ही सुधारणा झाली असती, तर रानांत एकटा गेलेला मनुष्य ती पाळता ना. तेथें पहाऱ्यास कोण बसणार? ज्यानें कारण समजून होकार दिला, तो मनुष्य एकटा असतांनाहि नियम पाळतो. दारूबंदी, जंगलाची राखण, वृक्षतोडीचे निर्बंध, हे गांवाचे इतर नियमहि याच वाटेनें आले. दारूबंदीच्या बाबतींत बायकांचा पुढाकार होता, आणि त्या सभेंत बसत होत्या म्हणूनच तो प्रश्न सभेपुढें आला, हें विसरूं नये.

बांबू आणि जमीन

या रीतीची खरी कसोटी बांबूच्या प्रश्नांत लागली. या भागांतील जंगलांतून कागदगिरण्यांस बांबू पुरविण्याचे करार शासनानें वर्षानुवर्षें केले होते. गांवच्या रानांतील बांबू बाहेर जाई, आणि गांवकऱ्याला टोपलीपुरत्या बांबूसाठीं वनरक्षकाची मर्जी सांभाळावी लागे. २००६ सालीं वनहक्कांचा कायदा झाला. त्यांत गांवाच्या सामूहिक हक्कांस मान्यता मिळाली, आणि बांबूची गणना गौण वनोपजांत झाली. ज्या गांवांत कायदे वाचण्याची संवय वीस वर्षें जुनी होती, त्या गांवास हा कायदा समजावून घेण्यास वेळ लागला नाहीं. २००९ सालीं मेंढा गांवास सुमारें १,८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क मिळाला. देशांत असा हक्क मिळविणाऱ्या अगदीं पहिल्या गांवांत त्याची गणना होते.

हक्क मिळाला तरी अडचण सरली नाहीं. बांबू तोडतां येई, पण तो विकून गांवाबाहेर न्यावयाचा तर वाहतुकीचा परवाना लागे, आणि तो देणें वनखात्याच्या हातीं होतें. घर आपलें, पण किल्ली दुसऱ्याच्या कमरेला, असा हा प्रकार होता. गांवानें धीर सोडला नाहीं, कीं हातघाईवरहि तें आलें नाहीं. लिहिणें, भेटणें, कायद्याचें कलम दाखविणें हें चालूच राहिलें. शेवटीं २७ एप्रिल २०११ रोजीं केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश व महाराष्ट्राचे मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण हे गांवीं आले, आणि वाहतूक परवान्यांचें पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन झालें. पुढें बांबूच्या विक्रीपासून ग्रामसभेस लक्षावधि रुपयांचें उत्पन्न होऊं लागलें.

पैसा आला कीं संस्था फुटते, असा आपला अनुभव आहे. मेंढा गांवानें पैसा आल्यानंतर जें केलें, तें विचार करण्याजोगें आहे. १९५१ सालीं विनोबांनीं तेलंगणांत भूदानाचा आरंभ केला व त्यांतून पुढें ग्रामदानाची कल्पना निघाली. महाराष्ट्रांत त्यासाठीं १९६४ चा कायदा आहे. त्याप्रमाणें जमिनीची मालकी ग्रामसभेकडे जाते. वहिवाट मूळ कुटुंबाकडे राहते, पण जमीन बाहेरच्या मनुष्यास विकतां येत नाहीं. हा कायदा बहुतेकांच्या मनांतून पुसला गेला होता. मेंढ्यानें तो पुन्हां वाचला, त्यावर दीर्घ काळ चर्चा केली, आणि २०१३ सालीं सर्व जमीनमालकांनीं आपली मालकी ग्रामसभेस अर्पण केली. ग्रामदान होण्यास शंभरांपैकीं शंभरांची संमति असावी, असें कायदा म्हणत नाहीं. मेंढ्यानें मात्र ती मिळेपर्यंत वाट पाहिली. जमीन ही कुटुंबाची शेवटची ठेव. ती मतें मोजून कोणाकडून काढून घेतली असती, तर त्या घरांतील तीन पिढ्यांनीं तो दिवस विसरला नसता.

दोन आक्षेप

येथें चिकित्सक वाचक दोन आक्षेप घेतील, व ते घेतलेच पाहिजेत. पहिला असा कीं, या रीतीनें फार विलंब होतो, आणि एखादा हेकट मनुष्य साऱ्या गांवाला ओलीस धरूं शकतो. दुसरा असा कीं, सर्वांनीं होकार दिला म्हणजे तो न्याय्य असतोच असें नाहीं. कित्येक "होय" हे भिडेचे व भीतीचे असतात.

विलंब होतो, ही गोष्ट खरी आहे. परंतु निर्णयाचा काळ मोजतांना केवळ ठराव होईपर्यंतचे दिवस मोजणें योग्य नव्हे. ठराव अमलांत येईपर्यंतचे मोजावे. बहुमताचा ठराव एका संध्याकाळीं होतो आणि नाराज मंडळीच्या असहकारानें दोन वर्षें रखडतो. सहमतीचा ठराव दोन वर्षांनीं होतो आणि दुसऱ्या दिवशीं सारे कामाला लागतात. हेकट मनुष्यासंबंधींहि असें कीं, ज्याचें म्हणणें पुरतें ऐकून घेतलें जातें तो बहुधा फार काळ हेकट राहत नाहीं. आणि कधींकधीं तोच बरोबर असतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि त्याचें उत्तर शोधण्यास थोडें दूर जावें लागेल. इंग्लंडांत सतराव्या शतकांत जॉर्ज फॉक्स यांच्या शिकवणींतून क्वेकर नांवाचा ख्रिस्ती पंथ निघाला. त्या पंथाच्या कामकाजाच्या सभांतहि मतें घेत नाहींत. सभेचा चिटणीस बोलण्याचा कल ओळखून ठराव तेथल्या तेथें लिहितो, वाचून दाखवितो, आणि सभेस पटला तरच तो नोंदला जातो. या पंथाचे पुष्कळ लोक अमेरिकेंत पेनसिल्व्हेनिया प्रांतांत स्थायिक झाले. १६८८ सालीं तेथील जर्मनटाऊन गांवच्या चौघांनीं गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध सादर केला. सभेनें विषय पुढें ढकलला. पुढें जॉन वुलमन हा शांत स्वभावाचा गृहस्थ घरोघर जाऊन गुलाम बाळगणाऱ्या आपल्या पंथबंधूंशीं बोलत राहिला. १७५८ सालीं फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेनें गुलामांच्या खरेदीविक्रीविरुद्ध निर्णय घेतला, आणि १७७६ सालीं गुलाम बाळगण्यासच पंथांत बंदी झाली. पुढें १७८७ सालीं लंडन येथें गुलामांचा व्यापार बंद पाडण्यासाठीं जी समिति स्थापन झाली, तिच्या बारा संस्थापकांपैकीं नऊजण क्वेकर होते. एवढें बळ त्या सावकाश झालेल्या निर्णयांत होतें.

तथापि १६८८ पासून १७७६ पर्यंत अठ्ठ्याऐंशी वर्षें होतात. तेवढ्या काळांत गुलामांच्या तीन पिढ्या गुलामगिरींतच जन्मल्या व मेल्या. मालकांच्या मनाची समजूत पटेपर्यंत थांबण्याची किंमत गुलामांनीं दिली. हें असें कां झालें? कारण ज्यांचा प्रश्न होता, ते त्या सभेंत बसलेच नव्हते. सर्वसहमति न्याय्य ठरते ती सभेंत "सर्व" असले तरच. मेंढ्यांत बायका सभेंत बसल्या, म्हणून दारूचा प्रश्न निघाला. फिलाडेल्फियांत गुलाम बसले नव्हते, म्हणून एक शतक लोटत आलें. हा भेद लक्षांत घेतला, तर सहमतीचा आदर राखूनहि तिच्याविषयीं भाबडेपणा राहणार नाहीं.

आपल्या मंडळांसाठीं

मेंढ्याची रीति जशीच्या तशी उचलून पुण्या-मुंबईच्या गृहसंस्थेस किंवा परदेशांतील महाराष्ट्र मंडळास लावतां येईल, असें आम्ही म्हणत नाहीं. तेथें रान एक, पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार एक, आणि गांव सोडून जाण्याची सोयहि थोडी. शिवाय नोंदणी झालेल्या संस्थेस निवडणुकीचे व मतदानाचे कायदे पाळावेच लागतात. परंतु ठराव मतास टाकण्यापूर्वीं काय करावें, हें कोणत्याहि कायद्यानें अडविलेलें नाहीं, आणि तेथेंच पुष्कळ कांहीं करण्यासारखें आहे.

पहिली गोष्ट, उपसमितीकडून निर्णय मागूं नये, माहिती मागावी. इमारतीच्या पुनर्विकासाचा प्रश्न असेल, तर समितीनें तिन्ही प्रस्ताव, त्यांचे लाभ व तोटे सर्वांपुढें मांडावे, आणि तिच्या बैठकींस ज्यास यावयाचें असेल त्यास येऊं द्यावें. दुसरी गोष्ट, महत्त्वाचा विषय ज्या सभेंत प्रथम निघेल त्याच सभेंत तो संपवूं नये. एक रात्र, शक्य तर एक महिना, मध्यें जाऊं द्यावा. तिसरी गोष्ट, विरोध करणाऱ्यास "तुमचें मत नोंदवून घेतलें आहे" असें सांगून वाटेस लावूं नये. "काय बदललें म्हणजे आपणांस हें चालेल?" असा प्रश्न त्यास विचारावा. कित्येकदां उत्तर इतकें लहान निघतें, कीं सारी सभा अचंबा करते.

चौथी गोष्ट सर्वांत अवघड आहे. प्रत्येक ठरावापूर्वीं अध्यक्षांनीं स्वतःशीं विचारावें कीं, या निर्णयाचा भार ज्यांच्यावर पडणार, त्यांच्यापैकीं येथें कोण नाहीं? रात्रपाळीच्या राखणदाराचे तास आपण त्याच्या अपरोक्ष ठरवितों. उत्सवाचा महाप्रसाद किती पानांचा व्हावा हें पुरुष मंडळी ठरवितात आणि भाज्या चिरण्यास बायका बसतात. वृद्धांसाठीं बांके कोठें असावींत, याची चर्चा तरुण करतात. घरांतहि हेंच चालतें: बदलीच्या गांवीं बिऱ्हाड न्यावयाचें कीं नाहीं, हें वडील ठरवितात आणि सुनेस तें सामान बांधावयास सांगतांना कळतें. या सर्व ठिकाणीं एकमत असतेंच. कारण दुसरें मत असणारा मनुष्य तेथें बोलाविलेलाच नसतो.

ज्या आदिवासी गांवांस शहाणें करावयास आपण निघालों, त्यांपैकीं एकाकडून आपणांस हें शिकावें लागावें, यांत कमीपणा मानण्याचें कारण नाहीं. मेंढ्याच्या लोकांनीं कायद्याचीं पुस्तकें शहरांतून आणून वाचलीं. त्यांच्या सभेंतून आपण एक गोष्ट आणली तर फिटंफाट होईल. ज्या वाचकांच्या मंडळाची सभा जवळ आली असेल, त्यांनीं कार्यक्रमपत्रिकेवरील एक, केवळ एक विषय या रीतीनें हातीं घेऊन पहावा: आधीं सर्वांसाठीं खुला अभ्यास, मग विसावा, मग सर्वांची बैठक. गणसंख्या भरते कीं नाहीं, हें त्या दिवशीं आपोआप दिसेल.